तीसपैकी किती

रणदिवे मॅडम,

परवा बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. तुम्ही नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी एकटा उभा होतो. दौंडच्या एसटीतून उतरून, पदर खोचत, "कोळपे, डिस्टिल्ड वॉटर भरलंय ना?" असं विचारत तुम्ही आत याल, असं सकाळभर वाटत राहिलं. भरलेलं होतं. तुम्ही जाऊन अजून महिना झालेला नाही. स्टाफरूममधल्या तुमच्या कपाटावर नावाची पट्टी तशीच आहे. काढायचं कुणाच्या जिवावर येतंय आणि कुणाला वेळही नाही. दोन्ही खरं आहे.

मी थकलोय मॅडम. तुमचे तास माझ्याकडं आलेत, तुमच्या जर्नल्स माझ्याकडं आल्यात. तुम्ही म्हणायचात, थकायला झालं की एक तास जास्त घ्यावा, मुलांपुढं उभं राहिलं की थकवा कळत नाही. ते खोटं आहे. कळतो.

कॉलेजनं शोकसभा घेतली. प्राचार्य बोलले, फिजिक्सचे सर बोलले, माजी विद्यार्थी म्हणून एक डॉक्टर बोलला. सगळ्यांनी तुम्हाला शिस्तप्रिय म्हटलं. मार्क कमी द्यायच्या, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. तुमच्याविषयी मला जे बोलायचं होतं ते सगळं भांडणच होतं, आणि शोकसभेत भांडता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

मी नवीन लागलो तेव्हा तुमच्या अकरावीच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. प्राचार्यांनीच सांगितलं होतं, मॅडम कशा शिकवतात ते बघून घ्या. तुम्ही त्या दिवशी केमिस्ट्री शिकवलीच नाही. मार्क कसे मिळतील आणि कसे मिळणार नाहीत, एवढंच सांगितलंत. वही पूर्ण ठेवण्याचे मार्क नाहीत, ते तुमचं कामच आहे. उत्तर चुकलं तरी तिथवर ज्या पायऱ्यांनी आलात त्यांचे मार्क आहेत. चाचणी पुन्हा द्यायची असेल तर एकदा देता येईल, पण मग दुसरीचेच मार्क धरले जातील, पहिलीपेक्षा कमी पडले तरी. आणि प्रयोगात जे रीडिंग आलं तेच लिहायचं.

एक पोरगं उठून म्हणालं, "मॅडम, पण रीडिंग चुकीचं आलं तर?"

"तर चुकीचं लिही."

"मार्क जातील की."

"जातील," तुम्ही म्हणालात. "मार्क गेलेले परत आणता येतात."

मला तेव्हा ते फार आवडलं होतं. स्टाफरूममध्ये येऊन मी तसं म्हणालोही. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "फेब्रुवारी येऊ द्या. मग बघू किती आवडतं."

फेब्रुवारी आला आणि मला तुमचं म्हणणं कळलं. बारावीच्या केमिस्ट्रीचे शंभरातले तीस मार्क प्रॅक्टिकलचे. माझ्या माहितीतल्या बहुतेक कॉलेजांत त्या तीसपैकी अठ्ठावीसच्या खाली कुणाला देत नाहीत. बाहेरून परीक्षक येतात, चहा-नाश्ता होतो, दुपारपर्यंत मार्क भरून सह्या होतात. तुम्ही मात्र एकेक पेपर वाचायचात. आपल्या पोरांना चोवीस पडायचे, बावीस पडायचे, क्वचित कुणाला तीस. बाहेरचे परीक्षक कंटाळून म्हणायचे, "मॅडम, तुमची मुलं, तुम्ही बघा, मी सही करतो."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. शेजारच्या कॉलेजातल्या पोराला काही न करता तीस, आणि आपल्याकडं राबणाऱ्या पोराला चोवीस. पुढं दोघं एकाच रांगेत उभे राहणार. मग शिक्षा कुणाला झाली? तुम्ही म्हणायचात, "तीसपैकी तीस म्हणजे याला आता शिकण्यासारखं काही उरलं नाही. अशा कागदावर मी कशी सही करू?"

एकदा एसटी स्टँडवर आपली चांगलीच जुंपली होती. मी म्हणालो, "मॅडम, आमच्या आज्ज्याच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. बारावीला मला ब्युरेट धड धरता येत नव्हती. कुणीतरी सरांनी डोळे झाकून अठ्ठावीस टाकले, म्हणून मी बीएस्सीला लागलो आणि आज तुमच्यापुढं उभा राहून बोलतोय."

"तुम्ही त्या अठ्ठावीसमुळं इथं नाही आलात."

"तुम्हाला हे म्हणणं सोपं आहे. तुमचे वडील रेल्वेत गार्ड होते. तुमच्या घरात रोज पेपर येत होता."

तुमची गाडी लागली. तुम्ही चढलात, खिडकीशी बसलात आणि गाडी मागं घेत असताना मला म्हणालात, "पेपर येत होता, पण वडील वाचून दाखवायचे नाहीत. मीच वाचायचे." मग गाडी गेली. दुसऱ्या दिवशी आपण दोघंही त्याविषयी बोललो नाही. तो माझा मुद्दा होता की तुमचा, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

आणि मग प्रतीक्षाचं वर्ष आलं.

न्हावऱ्याच्या पुढं तिचं घर, शेवंतीची शेती. सकाळी फुलं तोडून, हातांना तो हिरवट वास घेऊनच ती तुमच्या एसटीत चढायची आणि तुमच्याबरोबर कॉलेजला उतरायची. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण सांगितलेलं मनावर घेणारी होती. तुमचं "आलं तेच लिही" तिनं फार मनावर घेतलं होतं.

प्रॅक्टिकलला परमँगनेटचं टायट्रेशन होतं, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून रंग टिकेपर्यंत मोजायचं. द्रावण घेतो तो फ्लास्क नुसत्या पाण्यानं धुवायचा असतो. तिनं घाईत तो द्रावणानंच विसळला. त्यामुळं फ्लास्कमध्ये द्रावण जास्त राहिलं आणि तिची तिन्ही रीडिंगं जास्त आली. बोर्डाच्या परीक्षेत सगळ्यांना एकच द्रावण. शेजारची तीन पोरं एकमेकांचं बघून बरोबर आकडा लिहीत होती, तिलाही एकानं खुणेनं दाखवला होता. तिनं स्वतःचा लिहिला. तुम्ही कागदावर होतं त्याचे मार्क दिलेत. पायऱ्यांचे दिलेत, उत्तराचे कापलेत. त्या तिघांच्या कागदावर चूक नव्हती, त्यांना पुरे मिळाले.

निकाल लागला तेव्हा सीईटी चांगली जाऊनही ती फार्मसीला बसेना. तीन विषयांचे मिळून जेवढे टक्के लागतात तेवढे भरले नाहीत, अगदी थोडक्यात राहिले. तुम्ही कापलेल्या मार्कांत ते भरून निघाले असते.

तिचे वडील आले तो दिवस मला लख्ख आठवतो. स्टाफरूममध्ये आपण दोघंच होतो. पांढरी टोपी हातात घेऊन ते दारात उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "भाऊ, बसा." ते बसले नाहीत.

"मॅडम, मी काय भांडाय आलेलो न्हाई. मला फकस्त समजून घ्यायचंय. पोरगी म्हणती, तिला जे आलं त्येच तिनं लिवलं. तुम्हीच शिकवलं व्हतं म्हणं तसं."

"हो, मीच."

"शेजारच्या पोरांनी बघून लिवलं. त्यास्नी पैकीच्या पैकी म्हणं. आन् हिला कमी. ह्ये कसं काय?"

मला वाटलं, तुम्ही पायऱ्या आणि उत्तर, फ्लास्क आणि द्रावण असं काहीतरी समजावून सांगाल. तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत. मग म्हणालात, "भाऊ, मला याचं उत्तर येत नाही."

"तुम्हाला येत न्हाई, तर मंग म्या कुणाला इचारू?"

ते रागानं बोलले नव्हते. खरंच विचारत होते. त्यांनी टोपी घातली, मला नमस्कार केला, तुम्हालाही केला आणि गेले.

मी त्या दिवशी तुम्हाला सोडलं नाही. एरवी सोडलं असतं. "तुमच्या नियमानं खोट्याला तीस आणि खऱ्याला कमी, बघा," असं म्हणालो. तुम्ही पर्स उचललीत आणि गाडीला अजून अवकाश असताना स्टँडवर जाऊन बसलात.

दुसऱ्या दिवसापासून परतीच्या वाटेवर तुम्ही न्हावऱ्याला उतरायला लागलात. मला हे बऱ्याच दिवसांनी कंडक्टरकडून कळलं. तुमची वाकडी झालेली पाठ, गुडघे, आणि तिथून आत तिच्या घरापर्यंत चालत. तासभर तिला शिकवून पुढच्या गाडीनं दौंड. प्रतीक्षा पुढच्या वर्षी सगळे पेपर पुन्हा देणार होती. मी विचारलं, "मॅडम, हे मार्क देऊन टाकण्यापेक्षा सोपं आहे का?"

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी कितीदा तरी मनात घोळवलंय. म्हणालात, "कोळपे, माझं मार्क देताना चुकलं नाही, त्याच्या आधी चुकलं. फ्लास्क पाण्यानं धुवायचा, हे मी वर्गात सांगितलं होतं. तिच्या हातानं एकदाही करून घेतलं नव्हतं. चौघांत आपण एक ब्युरेट देतो. जो धीट असतो तो करतो, बाकीचे बघतात. ती पोरगी दोन वर्षं बघत होती. आणि परीक्षेत मी तिला एकटीला उभी केली."

आपल्याकडच्या सगळ्याच बेंचवर एक करणारा आणि तीन बघणारे होते, आणि मीही ते रोज बघत होतो.

मग शनिवारची लॅब सुरू झाली; प्रतीक्षाही यायची. कॉलेज सुटल्यावर दुपारी प्रत्येकानं एकट्यानं टायट्रेशन करायचं, बरोबर येईपर्यंत. तुमच्या नियमात तुम्ही एक वाक्य वाढवलंत, एवढंच. पहिल्या तासाला फळ्यापुढं उभं राहून म्हणायला लागलात, "जे मी तुमच्या हातानं करून घेतलं नाही, त्याचे मार्क मी कापणार नाही." ऐकायला छोटं वाक्य, पण त्या वाक्यानं आपल्या दोघांचे शनिवार गेले. माझी बायको म्हणायची, तुमच्या मॅडमना घर नाही का. मी कुरकुरत थांबायचो. ब्युरेटी धुऊन धुऊन हात सुरकुतायचे. कुणाचं चौथ्यांदा चुकलं की मी म्हणायचो, जाऊ द्या ना मॅडम, सोमवारी बघू. तुम्ही त्या पोराकडं बघून म्हणायचात, "ओत ते. पुन्हा कर." तुमच्या आवाजात राग नसायचा. थकवा असायचा, पण राग नाही.

त्या वर्षी प्रतीक्षाची पुन्हा प्रॅक्टिकल होती. तुम्ही प्राचार्यांना आधीच सांगितलंत, मी तिला घरी जाऊन शिकवलंय, मी मार्क देणार नाही, कोळपे देतील. आणि मला काहीच सांगितलं नाहीत. ना जपून द्या, ना सढळ द्या. मी घरून निघतानाच ठरवलं होतं, तीस द्यायचे. एक वर्ष गेलंय पोरीचं, आता कसला हिशोब.

टायट्रेशन तिनं इतकं स्वच्छ केलं की बाहेरचे परीक्षक उभे राहून बघत होते. मग क्षार ओळखायचा प्रयोग. एका टेस्टपाशी ती अडली आणि माझ्याजवळ आली.

"सर, इथं रंग यायला पायजे. माझा आलेला न्हाई."

"पुन्हा करून बघितलंस?"

"दोनदा."

"मग काय दिसलं ते लिही."

"मार्क जातील, सर."

"जातील," मी म्हणालो.

ती जागेवर गेली, तिनं खाली मान घालून लिहिलं. संध्याकाळी बाहेरचे परीक्षक म्हणाले, हिला तीस ना? मी सत्तावीस म्हणालो. माझ्या तोंडातून ते कसं आलं, मला ठाऊक नाही. ती विचारायला आली, लिहून गेली, आणि त्यावर मी तीस टाकले असते तर तिच्या त्या लिहिण्याला काही किंमतच उरली नसती, असं काहीतरी वाटलं. पुढं तिचं सगळं नीट झालं. टक्के भरपूर भरले, फार्मसी मिळाली.

गुणपत्रिकेवर प्रॅक्टिकलचे मार्क वेगळे दिसत नाहीत. त्यामुळं मी काय दिलं ते तुम्हाला कळलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं चष्म्यावरून बघितलं असतंत, आणि तेवढं मला झेपलं नसतं. आज सांगतोय. सत्तावीस. पण मी हरलो असं समजू नका. मला सत्तावीस देता आले, कारण तुम्ही वर्षभर तिच्या घरी जाऊन ते तिच्या हातात आणलं होतं. पहिल्या वेळी ते हातात नसताना तुम्ही कापले, ते मला अजून पटलेलं नाही. दोन वर्षं बघत बसलेल्या पोरीला दोन मार्क द्यायला हवे होते, मॅडम. तुम्हालाही हे कळलं होतं, म्हणून तर न्हावऱ्याला उतरत होता. मग कबूल का नाही केलंत? "मार्क देताना चुकलं नाही" एवढं शेवटपर्यंत धरून का बसलात?

हे सगळं तुम्ही असताना विचारायचं होतं. मग तुमचा आजार निघाला. पोटातला कॅन्सर, आणि तोही उशिरा कळलेला. तुम्ही डेमू लोकलनं पुण्याला जायचात, ट्रीटमेंट घेऊन परत. गाडीतून फोन करायचात. सुरुवातीला फोन असायचा तो बारावीचा कोणता धडा कुठवर आला, शनिवारची लॅब बंद पाडलीत का, असा. मीही उलट उत्तर द्यायचो. हळूहळू मी विचारायला लागलो, जेवण जातं का, झोप लागते का. तुम्ही काहीतरी टोकलंत की मी "हो मॅडम" म्हणायचो.

एकदा असाच फोन आला. मागं गाडीचा आवाज येत होता. मग म्हणालात, "कोळपे, तुम्ही आता माझ्याशी भांडत नाही. म्हणजे आमच्या ह्यांनी तुम्हाला काहीतरी सांगितलंय."

सांगितलं होतं. मी म्हणालो, "तसं काही नाही, कामं फार आहेत."

"बरं," तुम्ही म्हणालात. "पण बारावीच्या मार्कांवर तरी भांडा. नाहीतर मला फार आजारी असल्यासारखं वाटतं."

मी हसलो आणि मला तेव्हाही भांडता आलं नाही. शेवटचे काही आठवडे आपण एकमेकांशी फार चांगलं बोललो. त्याचंच मला वाईट वाटतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी दौंडला आलो. रेल्वे कॉलनीत एवढी माणसं होती की गाड्या बाहेरच्या रस्त्यावर लावाव्या लागल्या. तुमच्या साहेबांना मी पहिल्यांदाच नीट भेटलो. आयुष्यभर इंजिन चालवलेला माणूस, कानाला थोडं कमी ऐकू येणारा. माझं नाव सांगितलं तर हात धरूनच ठेवला. म्हणाले, "तुम्ही कोळपे होय. रोज घरी आली की कोळपे असं म्हणाला, कोळपे तसं म्हणाला. फार चिडायची तुमच्यावर. मला वाटायचं, तुम्ही तिच्यापेक्षा वयानं मोठे असाल."

नदीकाठावरून परतताना प्रतीक्षा दिसली. ती आता कुरकुंभला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. शिफ्टमधून तशीच आली होती, कंपनीच्या निळ्या शर्टात. रडलेली नव्हती. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेनं चालत होतो. मी म्हणालो, "बरं झालं आलीस. मॅडमचा फार जीव होता तुझ्यावर."

ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, "सर, खरं सांगू का. मला मॅडमचा राग यायचा. वर्ष गेलं माझं. त्या रोज घरी यायच्या, आई चहा टाकायची, मी पुस्तक उघडायचे, पण आतून राग असायचा. बरोबरच्या मैत्रिणी पुढं गेल्या होत्या. अजून थोडा हाय राग."

"मग तरी आलीस?"

"राग हाय म्हणून यायचं न्हाई, असं कुठंय," ती म्हणाली. "त्या पण माझा राग कळून यायच्याच की."

म्हणजे तुम्हाला कळत होतं. पोरीच्या रागासमोर रोज तासभर बसून तिला शिकवत होता, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. मला तर वाटत होतं, ती तुमचे पाय धरत असेल. मॅडम, एवढ्या गोष्टी एकटीनं कशाला वागवल्यात? मी शेजारच्याच खुर्चीत बसलेलो होतो.

मी कामावर परत आलो, तर प्राचार्यांनी बोलावून घेतलं. प्रॅक्टिकल तोंडावर होती. म्हणाले, "कोळपे सर, यंदा तुम्ही आहात, त्यामुळं मला मार्कांची काळजी नाही. मॅडमची शिस्त चांगलीच होती, पण मुलांचं नुकसान व्हायचं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. जे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वर्षानुवर्षं बोलत आलो, तेच ते मला परत ऐकवत होते. मी बघतो म्हणालो. इतकी वर्षं जे मागत होतो ते आयतं हातात आलं होतं, आणि नको म्हणायला समोर कुणी नव्हतं. मला वाटलं होतं, तसं झालं तर हलकं वाटेल.

परवा बाहेरचे परीक्षक आले, तिशीतले, जुन्नरकडचे. आल्या आल्या म्हणाले, "सर, सगळ्यांना अठ्ठावीसच्या पुढं टाकू ना? मला लवकर निघायचंय."

"आधी बघू या तरी," मी म्हणालो.

मी तुमच्यासारखं केलं नाही, हे सांगून ठेवतो. तुम्ही परीक्षेच्या दिवशी हाताची घडी घालून उभ्या राहायचात, एक शब्द बोलायचा नाहीत. मी बेंचाबेंचातून फिरत होतो. कुणाची रीडिंगं एकमेकांशी जुळत नसली की म्हणत होतो, अजून वेळ आहे, पुन्हा कर. दिलेल्या वेळात कितीदा करायचं, याला नियम नाही. पोरं पुन्हा करत होती. शनिवार वाया गेले नव्हते; बहुतेकांचं नीट आलं. दुपारनंतर आम्ही पेपर घेऊन बसलो. ते पाहुणे आधी वैतागले, मग त्यांनाही वाचताना गोडी लागली असावी, कारण एका पोरीचा पेपर मला दाखवून म्हणाले, "हिला तीस द्या, सर, हिचे खरेच तीस आहेत." दिले. सव्वीस दिले, चोवीस दिले. त्यांची गाडी चुकली, पण ते काही बोलले नाहीत.

एकाला एकोणीस पडले. ओंकार त्याचं नाव. त्यानं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा चुकलं. त्याच्या आजारी वडिलांपायी तो शनिवारी येत नव्हता. तुमच्या नियमानं बघायला गेलं तर त्याच्या हातानं आपण करून घेतलेलं नाही, म्हणून कापायचे नाहीत. पण त्यानं लिहिलेलं माझ्यापुढं होतं आणि ते चुकलेलं होतं. तुम्ही असतात तर याच्यावर आपण तास न् तास भांडलो असतो. मी एकोणीसच्या शेजारी सही केली. मला मुळीच बरं वाटलं नाही. अशा दिवशी तुम्ही घरी जाऊन काय करत होता, जेवत होता का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नव्हतं.

रात्री तळमळत असताना एक गोष्ट लक्षात आली. प्रतीक्षाचे वडील आले ते निकालानंतर. तुम्ही न्हावऱ्याला उतरायला लागलात तेही निकालानंतर. पण थिअरीचा सत्तर मार्कांचा पेपर प्रॅक्टिकलनंतर असतो, आणि मधे शिकवायला दिवस असतात. इतक्या वर्षांत आपण दोघं त्या तीसवरच भांडत राहिलो.

म्हणून काल रविवारी मी ओंकारच्या घरी गेलो. मार्केट यार्डाच्या मागं खोली आहे त्यांची. त्याची आई यार्डात कांदा निवडायला जाते. दारात बसून ती भाजी निवडत होती. मला बघून तिचा चेहराच उतरला. ताट बाजूला सारून उभी राहिली.

"सर, तुम्ही? नापास झालं का काय ह्ये?"

"न्हाई ताई," मी म्हणालो. "अजून काहीच झालेलं न्हाई. पेपर व्हायचाय."

"मंग?"

"रोज संध्याकाळी तासभर येईन म्हणतो. चालंल का?"

तिनं आत हाक मारली. ओंकार दारात आला, मला बघून घाबरला, मग परत वळला आणि पुस्तक घेऊन आला. त्याच्या आईनं सतरंजी झटकून टाकली. मी चप्पल काढली आणि आत गेलो.